चार लिटरच्या बाटलीत मावलेल्या पावसाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
लघु प्रकल्प पूर-अंदाज पुनर्विलोकन समिती,
परभणी.

अर्जदार : दिनकर व्यंकटेश चारठाणकर, वय ६७ वर्षे, सेवानिवृत्त सहशिक्षक (गणित व विज्ञान) तथा माजी पर्जन्य नोंदकार, मु. सावळदरी, मार्गे बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी.

विषय : सावळदरी धरणाच्या पूर-अंदाजात धरलेला एका दिवसाचा कमाल पाऊस (२०० मिलिमीटर) चुकीचा असल्याबाबत, व ती चूक खुद्द अर्जदाराचीच असल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे अर्ज दि. ९ जून, ७ जुलै व ११ ऑगस्ट २०२५.
२) सदर अर्जांना आपल्या कार्यालयाकडून मिळालेली तीन उत्तरे.
३) सांडव्यावरून आज सकाळपासून चार बोटे चाललेले पाणी.

महोदयांच्या सेवेशी सविनय सादर, की

१. अर्जात स्वतःस 'मी' म्हणू नये, 'अर्जदार' म्हणावे, असे दुसऱ्या अर्जाच्या वेळी टपाल खिडकीवर सांगण्यात आले. ते बरेच झाले. पुढील मजकुरात जो इसम येतो त्याच्याशी अर्जदाराचे फारसे सख्य उरलेले नाही, त्यामुळे त्याच्याविषयी त्रयस्थपणे लिहिणे सोपे जाते.

२. आपली समिती जिल्ह्यातील लहान धरणांचे जुने पाऊस-अंदाज व पूर-अंदाज नव्याने तपासत आहे. हेतू उत्तम आहे. एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकतो, त्याने किती पूर येईल, आणि तो पूर सांडव्यातून निमूट निघून जाईल की धरणाच्या माथ्यावरून जाईल, एवढाच प्रश्न. सावळदरीचे धरण मातीचे आहे. मातीचे धरण काठोकाठ भरलेले चालते, माथ्यावरून वाहिलेले चालत नाही. धरणाखाली साळू नाल्याच्या दोन्ही अंगांना खालची वस्ती म्हणून त्रेसष्ट घरे आहेत. अर्जदाराचे घर त्यांत नाही. ते शाळेजवळ टेकाडावर आहे, आणि या गोष्टीची आठवण वस्तीतली माणसे अलीकडे त्याला न चुकता करून देतात.

३. समितीच्या मसुदा अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यात आली. अर्जदाराने ती उभ्याने दोनदा वाचली व तिसऱ्यांदा पायरीवर बसून वाचली. पान ११ वर असे म्हटले आहे, की सावळदरी येथे सन १९९०, २००६ व २०१६ अशा तीन वेळा एका दिवसाचा कमाल पाऊस नोंदला गेला आणि तिन्ही वेळा तो बरोबर २००.० मिलिमीटर भरला. यावरून येथील पावसाला निसर्गतःच एक वरची मर्यादा असल्याचे दिसते. बदलत्या हवामानाचा येथे काही परिणाम आढळत नाही. आकडेवारीतील असे सातत्य अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते. सबब, सांडवा पुरेसा आहे, तो रुंद करण्याचा पूर्वीचा प्रस्ताव रद्द करावा, व खालच्या वस्तीचे नाव धोक्याच्या यादीतून वगळावे. या अहवालावर सोमवार, दि. २२ रोजी सह्या व्हावयाच्या आहेत.

४. सदर सातत्याचे कारण निसर्ग नसून बाटली आहे. खुलासा असा:

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. वर नरसाळे, नरसाळ्याखाली बाटली, बाटलीभोवती बाहेरचा डबा. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर. बाटली चार लिटरची. चार हजारास दोनशेने भागिले असता वीस येतात. वीस सेंटिमीटर म्हणजे दोनशे मिलिमीटर. म्हणजे दोनशेपर्यंतचा पाऊस बाटलीत मावतो. त्यापुढचा बाटलीच्या तोंडातून उतू जाऊन बाहेरच्या डब्यात पडतो. तो डबा त्यासाठीच असतो आणि त्यातले पाणीही मोजून बेरीज करायची असते. हा पाचवीचा भागाकार आहे. अर्जदाराने पाचवीला हा भागाकार एकतीस वर्षे शिकवला.

५. तरीही डब्यातले पाणी का मोजले नाही, हा प्रश्न महोदयांच्या मनात येणे रास्त आहे. सन १९८८ मध्ये अर्जदाराकडे नोंदकाराचे जादा काम आले, त्याआधी ते शाळेचे शिपाई सिताराम करीत. त्यांनी काम हातात देताना नरसाळे कसे पुसावे, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत कसे धरावे, साडेआठच्या ठोक्याला वाचन का करावे, हे सर्व नीट शिकवले. सन १९९० च्या ऑगस्टात तो मोठा पाऊस झाला. बाटली तोंडापर्यंत भरलेली, भोवती डब्यातही पाणी. अर्जदाराने डब्याकडे बोट केले, तेव्हा सितारामांनी डबा उचलून लिंबाच्या बुडाशी उपडा केला आणि म्हणाले, "गुर्जी, बाटलीत पडलं ते सरकारचं. भाईर पडलं ते जमिनीचं. सरकारनं बाटली दिलीया, डबा ठिवायला दिलाय." अर्जदारास ते पटले. त्यात काही धार्मिक असावे असेही वाटले. त्याने २००.० लिहिले, खाली सही केली, आणि अक्षर वळणदार आल्याचे त्याला समाधान वाटले.

सिताराम आज हयात नाहीत. सबब त्यांच्यावर कोणताही ठपका ठेवण्यात येऊ नये. ते चौथी पास होते. अर्जदार बी.एस्सी. आहे.

६. सन २००६ मध्ये तसेच घडले व तसेच लिहिले गेले. त्या खेपेस तर अर्जदार स्वतःच डबा लिंबापाशी घेऊन गेला.

७. सन २०१६ ची नोंद वेगळी असून तिच्याबाबत अर्जदारास झोप लागत नाही. त्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी अर्जदार आवारात गेला, तर बाटली भरलेली, डबाही काठापर्यंत भरलेला आणि नरसाळ्याच्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपत होते. का कोण जाणे, त्या दिवशी त्याने डब्यातले पाणी मोजले. तीन लिटर दोनशे चाळीस भरले. बेरीज तीनशे बासष्ट मिलिमीटर, आणि तीही किमान, कारण डब्याबाहेर किती गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याने वहीत ३६२ लिहिले. नंतर आकडे घेणाऱ्या केंद्रावर फोन लावला. तेथील ऑपरेटरने आकडा भरला, पुन्हा भरला, आणि म्हणाला, "गुरुजी, दोनशेच्या वर कंप्युटर घ्यायलाच तयार न्हाई. आजपर्यंतचा तुमचा जास्तीत जास्त आकडा दोनशे हाय, त्याच्या वरचं चूक दाखवायलाय." अर्जदाराने सांगितले की चूक नाही, पाऊस पडला आहे. ऑपरेटर म्हणाला, "पडला आसंल की. मी कुठं न्हाई म्हणलो? पर लाइनीत तीस गावं हायेत. दोनशे सांगा आन् मोकळे व्हा." अर्जदाराने दोनशे सांगितले. नंतर वही व केंद्र यांत तफावत नको, म्हणून वहीतल्या ३६२ वर दोन रेघा मारून २००.० लिहिले.

म्हणजे पहिल्या दोन नोंदी अडाणीपणाच्या आहेत. तिसरी खोटी आहे.

८. सन २०१६ च्या त्या पुराने धरण गेले नाही, हे अहवालात विजयी सुरात सांगितले आहे (पान १४: 'धरणाने कमाल पावसाची कसोटी यशस्वीपणे पार पाडली'). त्याचे कारण धरणाचे सामर्थ्य नव्हे. त्याआधी तीन वर्षे दुष्काळ होता. तलावात पोरे क्रिकेट खेळत. आलेला सर्व पूर रिकाम्या तलावाने पोटात घेतला आणि वर सांडव्यापर्यंत पाणी आले ते चौथ्या दिवशी. यंदा तलाव ऑगस्टातच भरला आहे. धरणावरचा चौकीदार सिद्धोधन रोज फोन करून पातळी सांगतो. आज त्याने सांगितले, "सर, चार बोटं सांडव्यावरून चाललंय. आता ह्याच्या पोटात काई जागा न्हाई. वरून येईल तेवढं खाली जानार."

९. आता आपल्या कार्यालयाची उत्तरे.

पहिल्या अर्जावर उत्तर आले, की मूळ नोंदवहीची प्रत जोडलेली नसल्याने विचार करता येत नाही. मूळ नोंदवही आपल्याच कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहे. तिची प्रत मिळण्यासाठी अर्ज केला असता, कोणत्या कामासाठी हवी ते नमूद करावे, असे कळले. अर्ज देण्यासाठी, असे नमूद केले. त्या अर्जाचा क्रमांक मागण्यात आला. अर्ज विचारात घेतला नसल्याने त्याला क्रमांक नव्हता.

दुसऱ्या वेळी अर्जदार समक्ष आला. अव्वल कारकून श्री. आदिनाथ यांनी वही काढून दाखवली, पाणीही विचारले. माणूस भला आहे. ३६२ वरच्या दोन रेघा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाले, "दिसायलंय गुरुजी, स्वच्छ दिसायलंय. पण खाडाखोड केलेला आकडा ग्राह्य धरता येत न्हाई, नियमच हाय तसा." अर्जदाराने विनंती केली, की मग खाडाखोड करून जो वर लिहिला तोही ग्राह्य धरू नये. ते म्हणाले, "तो कसा खोडलेला? तो तर सरळ लिवलाय." पुढे त्यांनी विचारले, "बरं, दोनशे चूक, तर खरा किती ते सांगा, मी आत्ता टिपण ठेवतो." खरे सांगायचे तर खरा आकडा अर्जदारास ठाऊक नाही, ज्या तिन्ही दिवशी तो कळायला हवा होता त्या तिन्ही दिवशी तो थोडाफार तरी जमिनीत गेला. असे सांगताच श्री. आदिनाथ यांनी पेनचे टोपण लावले. "माहीत नसलेला आकडा मी कोणत्या रकान्यात बसवू, तुमीच सांगा." लेखी उत्तरातही तेच, फक्त अधिक शुद्ध भाषेत आले.

तिसरे उत्तर अर्जदाराने जपून ठेवले आहे. त्यात म्हटले आहे, की सदर नोंदकारास सन २००९ मध्ये अचूक व नियमित नोंदींबद्दल प्रशस्तिपत्र देण्यात आले असून, इतक्या विश्वासार्ह नोंदकाराच्या नोंदी चुकीच्या असल्याचे कोणी इसम म्हणत असल्यास ते मान्य करता येत नाही. सदर इसम म्हणजे अर्जदार. अर्जदाराच्या पत्नी सौ. हेमा यांनी हे उत्तर वाचून भिंतीवरचे प्रशस्तिपत्र खुर्चीवर चढून खाली काढले व म्हणाल्या, "घेऊन जा परभणीला आणि त्यांच्या टेबलावर ठेवा. मी सोळा वर्षं याची काच पुसली, आता त्यांना पुसू द्या." ते मूळ प्रशस्तिपत्र सोबत जोडले आहे. परत करू नये.

१०. आपल्या कार्यालयाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलैअखेर कनिष्ठ अभियंता श्रीमती मैत्रेयी पाहणीसाठी आल्या होत्या. त्यांनी नरसाळ्याचे तोंड पट्टीने मोजले, बाटली हातात घेऊन तळाशी लिहिलेले वाचले, आणि शाळेच्या ओट्यावर बसून चार हजारास दोनशेने भागून पाहिले. मग म्हणाल्या, "सर, म्हणजे पस्तीस वर्षं आपण बाटली मोजत होतो." अर्जदाराने 'होय' म्हटले. त्या 'आपण' म्हणाल्या, 'तुम्ही' नव्हे, याची अर्जदाराने नोंद घेतली. त्यांनी ३६२ धरून हिशेब केला. तलाव आधीच भरलेला असेल तर तेवढ्या पावसाचा पूर सांडव्यात मावत नाही. पाणी धरणाच्या माथ्यावरून हातभर उंचीने जाते. हा हिशेब अहवालाला परिशिष्ट 'फ' म्हणून जोडला आहे, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तळटीप आहे, की परिशिष्ट 'फ' तोंडी माहितीवर आधारित असल्याने अहवालासोबत वाचू नये. अर्जदाराची नम्र विनंती आहे, की महोदयांनी ते एकटेच वाचावे.

११. येथवर प्रकरण कागदाचे होते. पुढे माणसांचे आहे, म्हणून महोदयांनी हा परिच्छेद गाळू नये.

पर्जन्यमापकाचे काम आता अर्जदाराकडे नाही. तरीही जूनपासून तो दर दोन तासांनी जाऊन बाटली पाहतो. हे अनधिकृत आहे. वस्तीतल्या लोकांशी त्याने ठरवून घेतले, की बाटली अर्धी झाली की शाळेची घंटा सलग वाजवायची, आणि घंटा झाली की वस्तीने हातातले काम टाकून शाळेत यायचे. ऑगस्टात एका दुपारी बाटली अर्धी झाली. घंटा झाली. त्रेसष्ट घरांतली सगळी माणसे, शेरडे व एक बाजेवरची आजारी बाई टेकाडावर आली. चार वाजता पाऊस थांबला. काही झाले नाही. बालाजी नावाचा वस्तीतला तीस वर्षांचा माणूस, अर्जदाराचाच विद्यार्थी, जाताना म्हणाला, "सर, तुमचा पाऊस लय हुलकावनी देतो." लोक हसले. अर्जदारही हसला.

याच महिन्यात पाच तारखेला पुन्हा घंटा झाली. या वेळी निम्मी माणसे आली. पुन्हा काही झाले नाही. मुख्याध्यापकांनी चाचणी परीक्षेत व्यत्यय आल्याचे लेखी कळवले. बालाजी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्जदार त्याच्याकडे गेला, तेव्हा त्याने दारातूनच फोनवर फळ्यावरच्या अहवालाचा फोटो दाखवला. "हे बगा सर. सरकारनं लिवलंय सुरक्षित. वस्तीचं नाव यादीतून काढायलेत. सोयाबीन तसंच रानात टाकून मी कितींदा पळू? आन् आकडा कुणाचा हाय ह्याच्यात? तुमचाच ना?"

बालाजीची आई कस्तुराबाई आत भाकरी थापीत होती. ती तेथूनच म्हणाली, "गुरुजी, तुमी लिवलं तवा त्यानी लगेच मानलं. आता तुमीच म्हंता ते खोटं हाय, तर मानंनात. मग मोठं कोन? लिवनारा, का लिवलेलं?" आणि थोड्या वेळाने, तव्याकडेच पाहत, "तुमच्या बाटलीत बसला न्हाई त्यो पाऊस आमच्या घरात बसंल का, तेवढं इचारून या त्यास्नी."

ते विचारण्यासाठी हा अर्ज आहे.

१२. परिस्थिती अशी, की तिसरी घंटा झाली तर किती माणसे येतील हे अर्जदार सांगू शकत नाही. पहिल्या वेळी सगळी आली, दुसऱ्या वेळी निम्मी. ही श्रेणी पुढे कोठे जाते ते गणिताच्या माणसाला कळते. लोक आडमुठे नाहीत. त्यांच्यासमोर दोन कागद आहेत: एक सहीशिक्क्याचा, एक म्हाताऱ्या मास्तराचा. त्यांनी पहिल्यावर विश्वास ठेवला तर त्यांना दोष देता येत नाही, कारण शाळेत अर्जदारानेच त्यांना तसे शिकवले. दुसरा कागद खरा करण्याचा अधिकार अर्जदारास नाही. पहिला खोटा ठरवण्याचा अधिकार फक्त महोदयांस आहे.

१३. तरी विनंती, की

(अ) दि. २२ रोजी सावळदरीच्या अहवालावर सही करू नये. सांडव्याचा प्रस्ताव रद्द करू नये. वस्तीचे नाव यादीत राहू द्यावे. यासाठी काही बांधावे लागत नाही; पेन खिशात ठेवले तरी काम होते.

(आ) १९९०, २००६ व २०१६ च्या नोंदींपुढे '२००.०' ऐवजी 'मोजता आला नाही' असे लिहावे. रकान्यात बसत नसेल तर रकान्याबाहेर लिहावे. शेजारच्या केंद्रांचे आकडे घेऊन अंदाज नव्याने काढावा. श्रीमती मैत्रेयी म्हणतात, त्यास तीन आठवडे लागतात.

(इ) वरील दोन्ही शक्य नसल्यास, जाणूनबुजून खोटी शासकीय नोंद केल्याबद्दल अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल करावा.

तिसरी विनंती रागाने केलेली नाही. अर्जदाराने कायदा जाणणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यास विचारले. अर्जदाराचा कागद दप्तरी दाखल होतो. आरोपीचा कागद मात्र तपासावा लागतो. वही जप्त होते, दोन रेघांखालचा आकडा तज्ज्ञाकडून वाचला जातो, आणि चौकशी चालू असेपर्यंत त्या वहीवर आधारलेला अहवाल मंजूर करता येत नाही. म्हणजे जे तीन अर्जांनी झाले नाही ते एका गुन्ह्याने होते. कबुलीजबाब स्वतंत्र कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह जोडला आहे. त्यातील अक्षर व वहीतील अक्षर एकच आहे हे कोणालाही दिसेल. वळण आता तेवढे चांगले राहिलेले नाही.

अर्जदार सोमवारी सकाळी दहा वाजता आपल्या कार्यालयात हजर राहील. येताना चार दिवसांचे कपडे व रक्तदाबाच्या गोळ्या सोबत आणील, जेणेकरून त्याला बोलावणे पाठवण्याचा कार्यालयास त्रास पडू नये. त्याच्या मागे बाटली पाहण्याचे काम सौ. हेमा करतील. त्यांनी डबा मोजण्याचेही शिकून घेतले आहे.

एकच अडचण आहे. हवामान खात्याने रविवारसाठी इशारा दिला आहे, आणि अर्ज सोमवारच्या सहीबाबत आहे. तरी हा अर्ज टपालाने न पाठवता अर्जदार आजच जिंतूरच्या गाडीने समक्ष घेऊन येत असून, पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलणार नाही.

आपल्या विश्वासास, अथवा आपल्या कारवाईस, पात्र होऊ इच्छिणारा,

(सही)
दि. व्यं. चारठाणकर

सावळदरी,
गुरुवार, दि. १८ सप्टेंबर २०२५, सकाळी ९.१०

सोबत :
१) कबुलीजबाब, दोन साक्षीदारांसह (साक्षीदार: सौ. हेमा चारठाणकर व सिद्धोधन, चौकीदार).
२) प्रशस्तिपत्र, सन २००९, मूळ, काचेसह.
३) परिशिष्ट 'फ', सुटे.
४) खालच्या वस्तीतील त्रेसष्ट घरांतील दोनशे सत्त्याऐंशी माणसांची नावे, वयासह. अशी यादी नेहमी नंतर केली जाते. अर्जदाराने ती आधीच केली आहे; सर्वजण आज सकाळी वस्तीत हजर होते.